एक गिअर, एक ट्रेलर आणि माळावरची ६२ झाडं : कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

लिहून ठेवायला सुरुवात करतोय कारण मागच्या वेळी सायकलचं जे काय केलं ते दोन महिन्यांनी मलाच आठवत नव्हतं. तर विषय असा की गेल्या पावसाळ्यात आम्ही पोरांनी गावामागच्या माळावर झाडं लावली, सासवडपासून थोडं आत, कडुनिंब, करंज, चिंच, वड, पिंपळ, थोडे बेहडे. लावली तेव्हा ८० होती, आज मोजली तर ६२ जिवंत आहेत. पाऊस संपला की पुरंदरात काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. फोटो काढायला पंचवीस जण होते, आता पाणी घालायला मी, बाबा आणि शेजारची दोन शाळकरी पोरं.

विहिरीपासून माळ सव्वा किलोमीटरच्या आत. आधी ४०० मीटर सपाट, मधे ओढा, मग ७०० मीटर चढण आणि त्यात ६० मीटर उंची चढायची, म्हणजे साडेआठ टक्के पडतो चढ. टँकर ओढ्याच्या पुढे जात नाही. बाईकला कॅन बांधून एकदा नेले तर मुरमात आडवी पडली आणि सायलेन्सरने पायाला चटका. बादल्या नेऊन नेऊन खांदे गेले.

माझ्याकडे ट्वेन्टीनाईनर आहे, म्हणजे २९ इंची चाकांची डोंगरी सायकल, स्टीलची, सेकंडहँड घेतलेली, सिंगल स्पीड, म्हणजे गिअर एकच. पुढच्या चक्राला ३२ दात मागच्याला १८. मागे ट्रेलर लावायचा आणि पाणी ओढायचं असं डोक्यात आलंय. बाबा म्हणाले गाढव परवडलं असतं.

१२ जानेवारी, रविवार

आज फक्त दात मोजले आणि हिशोब केला, हात काळे.

माझ्या २.२ इंची टायरचा घेर २.३ मीटर भरला (खडूची खूण करून अंगणात ढकलून मोजला, पुस्तकी नाही). ३२ ला १८ म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल ४.१ मीटर पुढे जाते. मग बाबांची काळी सायकल पण मोजली, पडवीत धूळ खात पडलेली, पुढे ४४ मागे १८, एका फेरीत जवळजवळ साडेपाच मीटर! आणि याच सायकलला दोन्हीकडे दुधाचे कॅन लावून बाबा डेअरीला जायचे. बाबांना विचारलं चढावर काय करायचा, तर म्हणाले "काय करायचं म्हणजे, उतरायचं." इतकं साधं उत्तर.

एक गंमत लक्षात आली. आपण २९ ला मोठं चाक म्हणून मिरवतो पण २९ ची रिम ६२२ मिलिमीटरची, रेसिंग सायकलींची असते तीच. फक्त टायर जाड. आणि बाबांच्या काळ्या सायकलचा २८ गुणिले दीड टायर, त्याची रिम ६३५ ची. म्हणजे खरं मोठं चाक पडवीतच होतं. अमेरिकेत १९९९ च्या सुमारास डब्ल्यूटीबी कंपनीचा नॅनोरॅप्टर टायर आला तेव्हा कुठे २९ इंची डोंगरी सायकल जमायला लागली, मग डोंगरी सायकली बनवणाऱ्या गॅरी फिशरने ती लावून धरली, २००२ मधे सर्ली कंपनीची कराटे मंकी नावाची सायकल आली, ती तर सिंगल स्पीडवाल्यांची लाडकी. मोठं चाक, एक गिअर आणि मागे ओझं हे सगळं आमचे दूधवाले त्याच्या किती आधीपासून करत होते, त्याला नाव नव्हतं एवढंच. अर्थात दूधवाल्यांची वाट सपाट होती, माझी नाही.

१९ जानेवारी, रविवार

ट्रेलर नंबर एक. दोन चाकांचा ठरवला कारण दोन चाकांचा स्वतःच्या पायावर उभा राहतो, कॅन भरताना धरायला माणूस लागत नाही.

भंगारातून लहान मुलांच्या सायकलीची २० इंची चाकं आणली, जोडी ३०० ला. एकाचे छर्रे पार दळले होते, नवीन टाकले, ग्रीस भरलं. दुसऱ्याला आऊट होता, म्हणजे रिम वाकडी फिरत होती, गावात आऊट काढणारे म्हातारेबाबा एकच राहिलेत, त्यांनी चहाच्या बोलीवर काढून दिला.

फ्रेमला पाऊण इंची पाईप की एक इंची यावर वेल्डिंगवाल्या काकांशी अर्धा तास. ते म्हणे एक इंची घे, वाकणार नाही. मी म्हणे जड होईल. शेवटी एक इंची स्क्वेअर, १८ गेज. चूक माझीच, काकांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची सवय, त्यांना सायकलचा चढ काय माहीत. तयार झाल्यावर धान्याच्या काट्यावर टाकला तर १४ किलो. रिकामा.

एक गोष्ट मात्र काकांनी बरोबर सांगितली. मी चाकं बाहेरून एकाच बाजूने ॲक्सलवर लटकवणार होतो, ते म्हणाले ही लहान सायकलची ॲक्सल आहे पोरा, दोन्हीकडून धरली तरच टिकते, एका बाजूने धरशील तर दुसऱ्या खेपेला वाकडी. म्हणून प्रत्येक चाकाच्या बाहेरूनही पाईप फिरवला. रुंदी वाढली, ७५ सेंटीमीटर झाली, पण चाकं सरळ आहेत.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो आणि जोडणीला बसलो.

ट्रेलर सायकलला कुठे जोडायचा हाच खरा प्रश्न. पहिला विचार सीटच्या खाली, सोपं पडतं. पण ओझ्याची ओढ इतकी वर लागली की ब्रेक मारल्यावर ट्रेलर सीटला पुढे ढकलतो आणि मागचं चाक हलकं पडतं. म्हणून खाली, मागच्या ॲक्सलच्या डाव्या बाजूला ५ मिलिमीटर जाडीची पट्टी नटखाली घातली आणि ट्रेलरचा दांडा वाकवून तिथे आणला. जोड असा पाहिजे की सायकल वळेल, दगडावर चढेल आणि डावी उजवी झुकेलही, आणि ट्रेलर आपला जागेवर. तिन्हीकडे फिरणारा. दुकानात असला जोड मिळेना तर गॅरेजवाल्या मित्राने एका जुन्या गाडीचा टाय रॉड एंड काढून दिला, बॉल जॉइंटच तो, रबरी टोपीसकट. फुकट! वरून एक जाड नायलॉनचा पट्टा फ्रेमला गुंडाळला, जोड सुटलाच तर ट्रेलर रस्त्यावर मोकळा सुटायला नको.

पाणी न भरता, नुसत्या दोन विटा टाकून डांबरीवर फिरलो. खडखडाट एवढा की कुत्री मागे. वीसच्या पुढे स्पीड गेला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. दोन विटा मागून पुढे सरकवल्या आणि शेपूट थांबलं. म्हणजे वजन ट्रेलरच्या ॲक्सलच्या थोडं पुढे पाहिजे, दांड्यावर दोन चार किलो तरी यायला पाहिजेत. मागे गेलं की दांडा सायकलचं बूड उचलतो आणि शेपूट हलतं.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली भरलेली खेप. वीस लिटरचे दोन जार, म्हणजे ४० किलो. आजची नोंद लाजेकाजेस्तव लिहितोय.

सपाटीला मस्त. ओढा पार केला. चढ सुरू झाला, उभा राहिलो, तीन चार पायडल मारले आणि खाटकन मागचं चाक पुढे सरकलं, टायर डावीकडे फ्रेमला घासला, चेन उतरली आणि मी नळीवर. कुठल्या नळीवर ते लिहीत नाही. शेजारची पोरं मागून येत होती ती हसून हसून खाली बसली.

झालं काय तर माझ्या फ्रेमला मागे आडव्या खाचा आहेत, सिंगल स्पीडला चेन ताणायला त्या लागतातच कारण गिअरच्या सायकलीला असतो तो डिरेलर इथे नाही चेन ओढून धरायला. चाक त्या खाचेत फक्त नटाच्या आवळण्यावर थांबतं. एरवी पुरतं ते. पण ४० किलो मागे आणि मी पूर्ण वजनाने उभा, चेनची ओढ चाकाला पुढे खेचते आणि उजवी बाजू सरकते. त्यात डाव्या नटाखाली ट्रेलरची पट्टी आल्यामुळे ॲक्सलचे आटे कमी उरले होते, नट जेमतेम चार आटे धरत होता. नशीब नटच उडाला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

उपाय बाबांच्या काळ्या सायकलवर सापडला. तिच्या मागच्या ॲक्सलला दोन्हीकडे चेन ताणायचे ते छोटे ॲडजस्टर असतात ना, भोकाची चकती आणि तिला बोल्ट, ते काढले. भोक कानशीने थोडं मोठं केलं, माझ्या १० मिलिमीटरच्या ॲक्सलवर बसले. आता चाक पुढे सरकणारच नाही. बाबांनी आपली सायकल उघडी पाहिली आणि काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी चहाला आवाज दिला नाही.

ॲक्सल पण लांब टाकली. आणि मागचं १८ दातांचं फ्रीव्हील काढून २२ चं लावलं. ते काढणं म्हणजे दिव्य. वर्षानुवर्षांच्या पायडलने आवळलेलं, टूल शिकंजात धरून अख्खं चाक दोघांनी फिरवलं तेव्हा हललं. चेन कमी पडली, दोन कड्या वाढवल्या. आता ३२ ला २२, एका फेरीत ३.३५ मीटर. सपाटीला आता पाय पंख्यासारखे फिरतात आणि सायकल काही पुढे जात नाही, हडपसरला जाताना दिवे घाटाच्या आधीच कंटाळा येईल. पण ही सायकल आता पाण्याची, ऑफिसला बस आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. सकाळी मिरवणूक, दुपारी वहीत हिशोब. झोप आली नाही म्हणून.

मी ७२ किलो, सायकल १३, ट्रेलर १४, पाणी ४०. एकूण १३९. साडेआठ टक्के चढावर यातला साडेआठ टक्के भाग म्हणजे बारा किलोच्या आसपास मागे ओढतो, अधिक मुरमाच्या रस्त्याचं घर्षण तीनेक किलो धरलं. साधारण साडेचौदा किलोची ओढ. चाकाची त्रिज्या साडेछत्तीस सेंटीमीटर, क्रँक म्हणजे पायडलचा दांडा साडेसतरा, गिअर ३२ भागिले २२ म्हणजे १.४५. गुणाकार केला तर पायडलवर सरासरी ४४ किलो दाब पाहिजे. पण पायडल वर आणि खाली असताना काहीच जोर लागत नाही, तो सगळा मधल्या भागात भरून काढायचा, म्हणजे त्या क्षणी जवळजवळ ७० किलो. माझं वजन ७२!

म्हणजे पाय कितीही दणकट असू दे, मी पूर्ण उभा राहून जेवढा आहे तेवढाच पायडलवर पडू शकतो. त्याच्या पुढे हँडल वर ओढून काय मिळेल तेवढंच. १८ च्या फ्रीव्हीलवर हाच आकडा ८५ येत होता, म्हणून त्या दिवशी तसं झालं. आणि पोरं म्हणत होती तीन जार टाकू, ६० लिटर, तर २२ वर सुद्धा ७९. नाहीच.

गिअरवाल्या सायकलला हा हिशोब लागत नाही. जड झालं की खटका मारा, हळू जा. इथे खटका नाही. पायात गिअर बदलता येत नाही तर पाण्यात बदलायचा, एवढाच पर्याय.

वेगाचं म्हणाल तर या दाबाने मी मिनिटाला २५-३० फेऱ्या मारतो, म्हणजे ताशी ५-६ किलोमीटर. बाबा शेजारून चालत येतात, हात मागे बांधून, गप्पा मारत. मी उत्तर देऊ शकत नाही याचा ते पुरेपूर फायदा घेतात. माझ्या लग्नाचे विषय सगळे चढावर निघतात.

२ मार्च, रविवार

ओढ्यात पडलो.

जार अर्धा भरलेला होता, झाकणातून गळत होतं म्हणून मीच थोडं कमी भरलं होतं. तीच चूक. ओढ्याकडे उतार आहे तीस चाळीस पावलांचा आणि खाली डावीकडे वळण. उतारावर ट्रेलर ढकलतो हे माहीत होतं, मागचा ब्रेक दाबला, तेवढ्यात जारमधलं पाणी धाडकन पुढे आलं, मग बाजूला. वळणावर ट्रेलरने सायकलचा मागचा भाग उजवीकडे फेकला, माझं तोंड जिकडून आलो तिकडे, ट्रेलर एका चाकावर, मग आडवा. बॉल जॉइंट मात्र शाबूत, त्या जुन्या गाडीवाल्याला पुण्य लागो.

कोपर सोलटलं. जार फुटला. वर वाट बघत बसलेल्या झाडांचं पाणी ओढ्याने प्यालं.

यातून जे ठरलं ते: भांडं काठोकाठ भरायचं, हवेला जागाच ठेवायची नाही म्हणजे पाणी डचमळत नाही. उंच जार बंद, वजन जेवढं खाली तेवढं बरं. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही. वळणात ब्रेकला हात नाही. एक बरं आहे की आमचं पाणी वर जातं आणि रिकामा ट्रेलर खाली येतो, उलटं असतं तर ही वही इथेच संपली असती.

१६ मार्च, रविवार

धुळवडीला पोरांनी ट्रेलरमधे पाणी भरून गावभर फिरवला, मला न विचारता. जोड टिकला याची चाचणी झाली म्हणायचं.

पंक्चर: या महिन्यात ७. सगळे ट्रेलरच्या चाकांना, सायकलला एक पण नाही. बाभळीचे काटे. सायकलच्या टायरला जाडी आहे आणि आत भोक बुजवणारं सीलंट आहे, ट्रेलरची चाकं लहान मुलांची, पातळ. शिवाय सायकल मी काट्यातून चुकवतो, पण ट्रेलरची दोन चाकं माझ्या दोन्ही बाजूंनी जातात, बरोबर जिथे काटे साचतात त्या कडेने. सायकलची एक आणि ट्रेलरच्या दोन, तीन वाटा. वरच्या टप्प्यात पायवाट फूटभराची आहे तिथे तर एक चाक वाटेवर आणि एक झुडपात, म्हणून शेवटचे १५० मीटर कॅन हातातच नेतोय. मग काय उपयोग.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं, आणि डोक्यात तेच. ट्रेलर नंबर दोन. एका चाकाचा.

अमेरिकेत बॉब याक नावाचा असला ट्रेलर फार वर्षांपासून चालतो, मागे एकच १६ इंची चाक, पुढे लांब चिमटा जो सायकलच्या मागच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी धरतो, आणि ओझ्याची मर्यादा ७० पौंड, म्हणजे ३२ किलोच्या आत. सायकलच्या मागे एकाच रेषेत चालतो, जिथे सायकल जाते तिथे तो. मोठ्या चाकाच्या सायकलींसाठी त्यांना चिमटा लांब करून वेगळा बनवावा लागला, ते मी फोटो बघून समजलो, नाहीतर माझ्या २९ च्या टायरला तो घासलाच असता. विकत घ्यायचा प्रश्नच नाही. बनवायचा.

त्यांची मर्यादा ३२ म्हणजे मी ३० धरतो. खाद्यतेलाचे १५ लिटरचे दोन रिकामे कॅन हॉटेलवाल्याकडून आणले, चपटे आडवे बसतात. साबण सोड्याने चार वेळा धुतले तरी पाण्यावर तेलाचा तवंग, झाडं काय भजी होणार आहेत का असं आई म्हणाली. पाचव्यांदा धुतले.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. पाळणा झाल्यावर काका दुकान उघडून बसले माझ्यासाठी. या वेळी पाईप मी आधीच आणून ठेवला, पाऊण इंची, वादाला जागा नाही.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे चिमटा आणि ट्रेलर यांच्या मधली उभी खीळ, जिच्यावर ट्रेलर वळतो. साधी बिजागरी लावली असती तर तिला खेळ असतो, इथे एक मिलिमीटर खेळ म्हणजे मागे चाकापाशी बोटभर डुलणं. काकांनी भंगारातून लहान सायकल ओढली, तिची हँडलखालची नळी करवतीने कापली, कप छर्रे सगळं आत असलेली, आणि म्हणाले "हे घे, वळण्यासाठीच जन्माला आलंय." डोकं आहे माणसाला. तिचाच पुढचा फोर्क मागे १६ इंची चाक धरायला वापरला.

चिमट्याची दोन्ही टोकं ॲक्सलच्या नटाबाहेर बसवलेल्या बुशवर अडकतात, वरून पिन. वर खाली हलतो, डावीकडे उजवीकडे वळतो, पण झुकत नाही, सायकल झुकली की ट्रेलरही तिच्याबरोबर झुकणार. हे आत्ता नुसतं लिहिलंय, याचा अर्थ काय ते चढावर कळेल.

वजन ८ किलो. रेड ऑक्साईड मारला, वरचा रंग नंतर.

१३ एप्रिल, रविवार

या आठवड्यात चैत्र द्वादशी झाली. सासवडची भुतोजी तेलींची कावड कऱ्हा नदीचं पाणी घेऊन शिखर शिंगणापूरला जाते, मुंगी घाटातून, माणसं हाताची साखळी करून दोर धरून ती अवजड कावड वर चढवतात. लहानपणी बाबांबरोबर गेलो होतो एकदा. तेव्हा नुसता गलका आठवतो, हर हर महादेव आणि घाम. आता आठवताना वेगळंच बघत होतो, की वरचे ओढतात, खालचे रेटतात, आणि बाजूचे काही करत नाहीत असं वाटतं पण तेच कावड डुलू देत नाहीत. डुललं की संपलं.

कारण आज मी डुललो. एका चाकाचा ट्रेलर, ३० लिटर, चढ. हिशोबाने पायडलवर जास्तीत जास्त ६२ किलो यायला पाहिजेत, ७० पेक्षा कितीतरी हलकं. आणि आहे पण हलकं. पण सिंगल स्पीडवर चढ चढायचा म्हणजे उभं राहून सायकल डावीकडे उजवीकडे टाकत चढायचा, ती तर सवयच. दोन चाकांच्या ट्रेलरला त्याचं काही नव्हतं, सायकल झुको नाहीतर नाचो, बॉल जॉइंट बघून घ्यायचा. इथे मी सायकल डावीकडे टाकली की मागचे ३० किलो पण डावीकडे, आणि ते परत यायला वेळ लावतात, मी उजवीकडे निघालो की ते अजून डावीकडेच. चार पायडलमधे झुडपात.

तीन खेपा अशाच वाया. चौथ्या खेपेला सायकल न हलवता स्वतः हललो, म्हणजे सायकल सरळ काठीसारखी धरायची आणि आपलं अंग तिच्यावर एका पायडलवरून दुसऱ्यावर न्यायचं, जिना चढल्यासारखं. हात थकतात, पोट थकतं. पण वर पोचलो. पायवाटेने, थेट वडाच्या आळ्यापर्यंत, कॅन हातात न घेता. पोरांनी टाळ्या वाजवल्या, हीच ती पोरं फेब्रुवारीत हसणारी.

२७ एप्रिल, रविवार

आता बसलंय. झाडाला ५ लिटर, आठवड्यातून एकदा, म्हणजे ३१० लिटर. खेपेला ३० प्रमाणे ११ खेपा, शेवटची छोटी. शनिवारी पहाटे ६ खेपा, रविवारी ५. जाऊन येऊन भरून ओतून एक खेप २५ मिनिटं, नऊच्या आत संपतं, त्यानंतर उन्हात माळावर उभं राहवत नाही. आळ्यात गवताचं आच्छादन टाकलं, आठवडाभर ओल राहते. वडापिंपळांच्या शेजारी फुटकी मडकी पुरली, पाणी त्यात ओततो, हळूहळू पाझरतं.

मागच्या टायरला हवा थोडी जास्त ठेवतो, ट्रेलरच्या टायरला जरा कमी, नाहीतर रिकामा येताना तो उड्या मारतो आणि कॅनचा ढोल वाजतो. पंक्चर महिन्यात २. एकाच रेषेत एकच चाक, काटे लागले तर आधी माझ्याच जाड टायरला लागतात.

एक तोटा लिहायला पाहिजे. सायकलचं मागचं चाक पंक्चर झालं तर आधी ट्रेलर सोडा, मग बुश काढा, ॲडजस्टर ढिले करा, मग चाक. परत लावताना चेनचा ताण पुन्हा बघायचा, मधोमध बोटाने दाबून अर्ध्या इंचाच्या आसपास हलली पाहिजे, जास्त ताणली तर कुरकुरते, ढिली ठेवली तर चढावर उडते. अर्धा तास कुठे गेला नाही.

दोन चाकांचा ट्रेलर पडून नाही हां. आई त्यातून अंजिराचे क्रेट रस्त्यापर्यंत नेते, बाबांच्या काळ्या सायकलला लावून. सपाटीला तो राजा आहे. काळ्या सायकलला तिचे ॲडजस्टर परत मिळाले, मी माझ्यासाठी नवे घेतले ४० रुपयांना, हे आधीच सुचलं असतं तर दोन महिने चहा मिळाला असता.

११ मे, रविवार

चिमट्याला तडा. डाव्या बाजूला वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी रेघ, आधी रंग उडालाय असं वाटलं, नखाने खरवडलं तर लोखंड उघडं आणि आत गंज. वेल्डिंग तुटलं नाही, त्याच्या शेजारचा पाईप तडकला. मी सायकल वाकवायचो ना सुरुवातीला, तो सगळा पीळ या चिमट्यानेच खाल्ला, वर १८ गेज. काका म्हणाले "एक इंची घे म्हटलं होतं." या वेळी मान डोलावली. पूर्ण पाईप नाही बदलला, कोपऱ्यात त्रिकोणी पट्ट्या मारल्या दोन्हीकडे, आणि भेगेच्या टोकाला छोटं भोक पाडून मग भरली म्हणजे ती पुढे सरकत नाही. अर्धा किलो वाढलं. दर रविवारी चिमटा फडक्याने पुसून बघायचा, हे भिंतीवर खडूने लिहून ठेवलं.

दोन करंज वाळले. पाणी होतं तरी वाळले, खाली कातळ लागला असणार. ६० राहिले.

२६ मे, सोमवार

गेले काही दिवस पाऊस सुरू होता, वळवाचा म्हणून लक्ष दिलं नाही, शनिवारी तर ट्रेलर जोडून दारात उभा केला होता आणि आभाळ फाटलं. काल बातमीत सांगितलं मान्सून महाराष्ट्रात आला, मे महिन्यातच! आमच्याकडे जूनचा पहिला आठवडा गेल्याशिवाय कोणी वर बघत नाही. ओढा दोन्ही काठांनी वाहतोय, पलीकडे जायची सोय नाही आणि गरजही नाही. मी जूनच्या मध्यापर्यंतचं खेपांचं वेळापत्रक करून ठेवलं होतं, फ्रीजवर चिकटवलेलं.

आज ऑफिसवरून आल्यावर कॅन उलटे करून ठेवले. चेन गंजायला लागली होती, रॉकेल मिळत नाही आता, डिझेलने धुतली. १८ चं फ्रीव्हील परत लावायला काढलं तर २२ चं निघेना, फेब्रुवारीपासून मीच उभा राहून राहून आवळलंय. उद्या काकांचा शिकंजा. चिमट्याला वरचा रंग अजून मारायचाच आहे, बाबा म्हणतात वारी यायच्या आत मार, लोक बघतात.

ओढा उतरला की माळावर जाऊन झाडं मोजायची. बाबा सकाळी पलीकडच्या बांधावरून बघून आले, म्हणाले पिंपळाला लाल पालवी दिसतेय लांबून. वडाचं काही सांगितलं नाही.